आठ शेर मीठ

एकदा एका गावाने देवळासाठी घंटा ओतवून घ्यायची ठरवली, आणि त्या घंटेपायी एका हुशार शिष्याला मान खाली घालायला शिकावे लागले. गोष्ट जुनी आहे. माल बैलांच्या पाठीवरून जात होता, वजने शेरांत होत होती, आणि गणित शिकायचे तर आचार्यांच्या ओसरीवर बसून, पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने आकडे काढत शिकावे लागे, तेव्हाची.

त्या गावात असे एक वृद्ध आचार्य होते. बीजगणित हा त्यांचा विषय. जी राशी ठाऊक नाही तिला एक नाव द्यावे, ठाऊक असलेल्या गोष्टी तिच्याभोवतालून एकेक करून बाजूला काढाव्यात, आणि शेवटी ती एकटी उरली की तिचे मूल्य आपोआप समोर यावे, अशी ती विद्या. त्यांच्या शिष्यांत विश्वंभर सर्वांत तल्लख. वय चोवीस-पंचवीस. बाकीचे पाटीवर धूळ सारखी करेपर्यंत याचे उत्तर तयार असे. आचार्य त्याला एवढेच म्हणत, "उत्तर आलं ना, विश्वंभरा? आता ते परत प्रश्नात ठेवून बघ." विश्वंभर मान डोलवी आणि ठेवून बघत नसे. बरोबर आलेले उत्तर पुन्हा काय बघायचे, असे त्याला वाटे. आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येई, हीच खरी अडचण होती.

गावात एक जुना रिवाज होता. देवाला दिलेले दान तोलायचे नाही. कोणी काशाचे मोठे ताट देई, कोणी लहानशी वाटी. तराजू लावला की वाटी देणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून पूर्वजांनी हा नियम घालून दिला होता. घंटेसाठी भांडी जमली तेव्हाही ती कोणी तोलली नाहीत. रखमाजी नावाचा ओतारी नदीपलीकडच्या वाडीत राहत असे. तिकडची चिकणमाती साच्याला चांगली, म्हणून त्याची भट्टी तिकडेच होती. तो आपला साचा घेऊन आला, देवळाच्या आवारात सगळ्यांदेखत भांडी वितळवली आणि एकाच साच्यातून काशाच्या आठ विटा पाडल्या. साचा एकच, तेव्हा विटाही सारख्याच. एक वीट किती शेरांची, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

त्या विटा वाडीला पोचवायच्या होत्या. म्हाळू नावाचा एक बैलवाला मीठ घेऊन त्याच वाटेने निघाला होता, त्याच्या बैलावर त्या लादायचे ठरले. म्हाळूकडे मिठाच्या दोन गोण्या होत्या, एक बत्तीस शेरांची आणि एक आठ शेरांची. तोंडे शिवलेली, गिऱ्हाइके ठरलेली, त्यामुळे गोण्या फोडायच्या नव्हत्या. आता बैलाच्या पाठीवरचा भार दोन्ही अंगांना सारखा हवा, हे त्या धंद्याचे पहिले सूत्र. एक अंग जड झाले की खोगीर फिरते, बैलाची पाठ सोलते आणि बैल रस्त्यातच बसतो. म्हाळूने गोण्या दोन बाजूंना टाकल्या आणि विटा या अंगाच्या त्या अंगाला करत राहिला. शेवटी लहान गोणीकडे पाच विटा आणि मोठ्या गोणीकडे तीन विटा ठेवल्यावर खोगीर अगदी सरळ राहिले. "बघा," तो म्हणाला, "देवाचं काम हाय, म्हणून पहिल्या झटक्यात जमलं." प्रत्यक्षात त्याला पाच-सहा झटके लागले होते. विश्वंभर तिथे उभा राहून हे सगळे पाहत होता, आणि सवयीने त्याने ते मनात टिपून ठेवले.

दोन महिन्यांनी रखमाजी गाडीतून घंटा घेऊन आला. बाजाराचा दिवस होता. देवळासमोरच्या पाराभोवती दीडदोनशे माणसे जमली. गाडीतले गवत बाजूला केले आणि घंटा दिसली तेव्हा पहिल्यांदा सगळे हरखले. मग नगरशेट पुढे झाले, घंटेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सुरेख आहे. पण दिलेल्या भांड्यांच्या मानाने लहान वाटते, नाही?"

झाले. एकदा असे कोणी म्हटले की सगळ्यांना तसेच दिसू लागते. दान दिलेली वाटी आठवणीत हळूहळू घागर होत असते, आणि दोन महिन्यांत गावातल्या पुष्कळ वाट्यांच्या घागरी झाल्या होत्या. घंटा तोलली. दान तोलायचे नसते, पण घंटा हे काम होते आणि कोणत्या तुळईला टांगायची ते ठरवायला वजन लागणारच होते. घंटा भरली ब्याण्णव शेर. रखमाजीने फडक्यात बांधून आणलेले कापतुकडे, म्हणजे ओतकामात कापून काढलेले कासे, आपण होऊन काढून दिले, ते तीन शेर. "एकाद शेर भट्टीत जळलं असंल," तो म्हणाला.

"पण गावाने दिलं होतं किती?" शेटजींनी विचारले. कोणालाच माहीत नव्हते.

आचार्य त्या वेळी गावात नव्हते. त्यांची थोरली बहीण आजारी होती, म्हणून ते तिच्या गावी गेले होते. ते असते तर काय झाले असते, याचा विचार विश्वंभरने पुढे शेकडो वेळा केला. त्या क्षणी मात्र त्याच्या मनात एकच गोष्ट आली: हे सांगू शकेल असा इथे फक्त मी आहे. तो पारावर चढला.

"तोलल्यावाचूनही वजन सांगता येतं," तो म्हणाला. दीडदोनशे माथी त्याच्याकडे वळली आणि त्याला फार बरे वाटले. "बैलाच्या एका अंगाला पाच विटा आणि आठ शेर मीठ होतं. दुसऱ्या अंगाला तीन विटा आणि बत्तीस शेर मीठ. दोन्हीकडे भार सारखा. आता पाहा. तीन विटा इकडे आणल्या, पाचातून तीन गेल्या, उरल्या दोन. आठ शेर तिकडे नेले, बत्तीस आणि आठ चाळीस. दोन विटा म्हणजे चाळीस शेर, एक वीट म्हणजे वीस शेर. आठ विटांचे झाले एकशे साठ!"

वाचणाऱ्याला कदाचित इथे काही खटकले असेल. तिथे कोणालाही खटकले नाही. इतक्या भरभर आकडे बोलणारा माणूस चुकत असेल, असे माणसाच्या मनातही येत नाही. शेटजींनी बोटांवर मोजले आणि सावकाश म्हणाले, "एकशे साठ दिले. पंचाण्णव आले. पासष्ट शेर कासं गेलं कुठं?"

सगळे रखमाजीकडे बघू लागले. पन्नाशीचा माणूस, भट्टीपुढे बसून बसून चेहरा तांबूस-काळा पडलेला. तो गाडीपाशी आपल्या बायकोशेजारी उभा होता. "शास्त्रीबुवा," तो विश्वंभरला म्हणाला, "मला आकडं कळत न्हाईत. आठ इटा आल्या, आठ इटा वतल्या. माझ्याकडं दुसरं काय सांगायला न्हाई."

"आकडे खोटं बोलत नाहीत, रखमाजी," विश्वंभर म्हणाला. हे वाक्य त्याला त्या वेळी फार छान वाटले होते.

रखमाजीने देवाच्या पायरीला हात लावला, बायकोला गाडीत बसवले आणि तो निघून गेला. "खाई त्याला खवखवे," शेटजी म्हणाले. घंटा पाराजवळ गवतावर तशीच राहिली. चोरीचा कलंक लागलेली वस्तू देवाच्या दारात कशी टांगायची? विश्वंभरला मात्र त्या दिवसापासून सगळे गाव शास्त्रीबुवा म्हणू लागले. इतके दिवस रखमाजी एकटाच तसे म्हणायचा.

तीन आठवड्यांनी म्हाळू परत आला. बैलाला पाणी पाजताना त्याने घंटा गवतात पाहिली आणि ओसरीवर बसलेल्या विश्वंभरला विचारले, "घंटा खाली का वो अजून?" विश्वंभरने त्याला सगळे सांगितले. थोडे रंगवूनच सांगितले म्हणा ना.

म्हाळू हसायला लागला. "ईस शेराची ईट? आवो, मग त्या लहान गोणीच्या अंगाला किती झालं?"

"पाच विसं शंभर," विश्वंभर म्हणाला. "आणि आठ शेर मीठ. एकशे आठ."

"आन् दुसऱ्या अंगाला?"

"तीन विसं साठ, आणि बत्तीस. ब्याण्णव..."

तो थांबला.

"सोळा शेराचा फरक!" म्हाळू म्हणाला. "शास्त्रीबुवा, माझ्या बैलाच्या एका अंगाला दोन शेर जादा झालं तर तो मागं वळून माझ्याकडं बघतो. सोळा शेराला तर तो गावाची येससुद्धा वलांडत नव्हता. आन् तसा तो नदीपलीकडं गेला, तुमच्या डोळ्यांदेखत गेला. काय तरी घोटाळा झालाय बघा." एवढे बोलून तो बैलाला घेऊन उतरणीला लागला. त्याच्या दृष्टीने ही एक गमतीची गोष्ट होती.

विश्वंभर पाटीपुढे बसला. बोटाने ओढलेली रेघ वाकडी गेली. आठ शेर पलीकडे नेताना तो अधिकाचे उणे करायला विसरला होता. बत्तिसात आठ मिळवायचे नव्हते, बत्तिसातून आठ वजा करायचे होते. चोवीस. दोन विटा चोवीस शेर. एक वीट बारा शेर. आठ विटा शहाण्णव. घंटा ब्याण्णव, कापतुकडे तीन, भट्टीत जळले एक. रखमाजीने सांगितले होते तसेच, शेराला शेर.

त्याने पाटी पुसली आणि पुन्हा मांडली. पुन्हा बारा. या वेळी त्याने उत्तर परत ठेवून पाहिले: पाच बारं साठ आणि आठ, अडुसष्ट, तीन बारं छत्तीस आणि बत्तीस, अडुसष्ट. खोगीर सरळ. ओसरीवर कोणी नव्हते, तरी कोणीतरी पाहत आहे असे वाटून त्याने पाटी मांडीखाली घेतली. रखमाजीचा तो चेहरा, "माझ्याकडं दुसरं काय सांगायला न्हाई" म्हणतानाचा, त्याच्यासमोरून हलेना. जेवण गेले नाही. शास्त्रीबुवा अशी रस्त्यातून कोणी हाक मारली की तो उठून आत जाई.

दोन दिवस त्याने असे काढले, आणि हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे की तिसऱ्या दिवशी तो गेला. पण कसा गेला, तेही सांगितले पाहिजे. तो भर दुपारी गेला, माणसे जेवून लवंडलेली असतात तेव्हा. गाडीवाटेने गेला नाही, नदीच्या पात्रातून गेला. रखमाजीच्या घराच्या पुढच्या अंगाला न जाता तो मागे गोठ्याकडे वळला. रखमाजी तिथे बैलाला वैरण टाकत होता. भट्टी थंड होती, तिच्यावर एक कोंबडी बसली होती. आजूबाजूच्या तीन गावांनी दिलेली कामे परत नेली होती.

विश्वंभर त्याच्या पायाशी वाकला. "रखमाजी, माझी चूक झाली. आकडा चुकला. तुमच्याकडे काही दोष नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते खोटे नव्हते.

रखमाजीने त्याला उठवले. हातातली पेंढी खाली ठेवून तो म्हणाला, "बरं झालं, कळलं तुमाला. चुकतं मानूस." त्याने पाणी दिले. विश्वंभर ते प्याला आणि आला त्याच वाटेने परत गेला. येताना त्याला इतके हलके वाटत होते की नदीच्या वाळूत तो लहान मुलासारखा भरभर चालला.

गावात आल्यावर त्याने पुजाऱ्याला सांगितले, "घंटेचं मी पुन्हा पाहिलं. रखमाजीशी बोलणं झालंय. आता काही प्रश्न नाही." चूक कोणाची, हे त्या वाक्यात कुठेच नव्हते. संध्याकाळपर्यंत गावभर झाले: ओताऱ्याने मिटवले. नेलेले परत केले असणार. शास्त्रीबुवांनी दबाव आणला म्हणून तरी केले, नाहीतर असली माणसे कसली करतात! विश्वंभरच्या कानावर हे आले. आपण मध्ये पडून काही बोलावे असे त्याच्या मनात आले, पण मग सगळेच सांगावे लागले असते. तो गप्प बसला.

चार दिवसांनी आचार्य आले. बहीण बरी होती. विश्वंभरने त्यांचे पाय धुतले आणि काहीही न लपवता सर्व सांगितले, पारावरचे, म्हाळूचे, गोठ्यामागचे. शेवटी म्हणाला, "मी क्षमा मागितली आहे, आचार्य. त्याने ती दिली आहे." आचार्यांनी ऐकून घेतले आणि "सकाळी पाण्याला माझ्याबरोबर चल" एवढेच सांगितले.

सकाळी विश्वंभरने नेहमीप्रमाणे कावड घेतली. बांबूच्या दोन टोकांना दोन घडे, दोन्ही नदीत बुडवून काठोकाठ भरलेले. तो कावड खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि चढ चढू लागला. आचार्य त्याच्या पुढून चालले होते. चार पावले गेल्यावर ते वळले, पुढच्या घड्याच्या काठाला हात घातला आणि तो घडा सरळ ओतून टाकला. विश्वंभरला काही कळायच्या आत बांबू उचलला गेला, मागचा घडा झोळीतून निसटला आणि दगडावर आपटून फुटला. पाणी त्याच्या पायांवरून उतारावर वाहत गेले.

तो थक्क होऊन पाहत राहिला. "आचार्य, हे काय केलंत? घडा फुटला."

"मी मागच्या घड्याला हातही लावला नाही," आचार्य म्हणाले.

ते तिथेच एका धोंड्यावर बसले. "विश्वंभरा, एक सांग. राशी दुसऱ्या बाजूला नेली की अधिकाचं उणं होतं. का होतं?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

नऊ वर्षे विश्वंभर हा नियम वापरत होता. हजार प्रश्न त्याने या नियमाने सोडवले होते. तो का आहे, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. शरमेने त्याला आपल्या ओल्या पायांकडे बघावे लागले.

"दुसऱ्या बाजूला नेणं असं काही नसतंच," आचार्य म्हणाले. "मीठ कुठं चालत जातं? लहान गोणी त्या अंगावरून उतरवली, तर तिथला भार आठ शेरांनी कमी झाला. खोगीर सरळ ठेवायचं असेल तर दुसऱ्या अंगावरूनही आठच शेर उतरवले पाहिजेत. बत्तिसाचे चोवीस होतात ते यामुळं. लिहिताना पहिली क्रिया दिसत नाही, दुसरी दिसते. म्हणून आळशी माणसानं म्हटलं की चिन्ह बदललं. मूळ गोष्ट एवढीच आहे. समतेच्या एका अंगाला जे केलं, ते दुसऱ्या अंगालाही तेवढंच करावं लागतं. तेवढंच. कमी नाही."

"ते मला आता कळलं आहे," विश्वंभर हलकेच म्हणाला. "म्हणून तर मी क्षमा मागितली."

"कुठं मागितलीस?"

विश्वंभरने नदीपलीकडे वाडीच्या दिशेला पाहिले.

"तू त्याची अब्रू काढलीस ती पारावर उभं राहून, बाजाराच्या दिवशी, दोनशे माणसांपुढं, खड्या आवाजात. परत ठेवलीस ती गोठ्यामागं, दुपारी, कुजबुजत, एका माणसापुढं. त्या माणसाला तर आधीपासूनच माहीत होतं की आपण चोर नाही! ज्यांना सांगायचं होतं त्यांना तू काय सांगितलंस? काही प्रश्न नाही, म्हणून. तुझं ओझं उतरलं, बाळा. त्याचं होतं तिथंच आहे. तुला वाटतंय तू दोन चुका केल्यास, एक गणितातली आणि एक माणसातली. ती एकच चूक आहे, आणि तू ती दोनदा केली आहेस."

विश्वंभर म्हणाला, "आचार्य, सर्वांपुढं सांगितलं तर लोक मला हसतील ते हसतील. पण तुमच्या पाठशाळेचं नाव जाईल."

"जेवढं जायला हवं तेवढंच जाईल," आचार्य म्हणाले आणि रिकामा घडा उचलून पुन्हा पाण्याकडे वळले.

बाजाराच्या दिवशी विश्वंभर पारावर चढला. या वेळी पाय जड होते. त्याने आदल्या दिवशी वाडीला निरोप पाठवला होता, पुढच्या दाराने, आणि रखमाजी आपल्या बायकोला घेऊन आला होता. दोघे गर्दीच्या मागे उभे होते. आचार्य पाराच्या कडेला इतर लोकांबरोबर बसले होते, कोणी ऐकणारा बसतो तसे.

विश्वंभर बोलू लागला. नऊ वर्षांची विद्या जिभेवर होती, ती अशा वेळी मदतीला आल्याशिवाय कशी राहील? "सज्जनहो, गेल्या प्रसंगी मी जी गणना आपणांसमोर मांडली होती, तिच्यात एका राशीच्या स्थानांतराच्या वेळी दोष राहून गेला असल्याचे पुनर्विचारांती ध्यानात आले आहे. त्या दोषामुळे ओताऱ्यांविषयी जो समज निर्माण झाला, तो निराधार होता, असे मी खेदपूर्वक नमूद करतो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेटजी उठून म्हणाले, "अहो शास्त्रीबुवा, झालं गेलं मिटलं ना? कशाला उगाच उकरून काढता?" विश्वंभर घाईने धुळीची पाटी पुढे ओढून आठ शेरांचे काय झाले ते दाखवू लागला, तेव्हा मात्र पुढच्या चार जणांना उमगले. कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "म्हणजे आठ शेर मीठ शास्त्रीबुवांनीच खाल्लं!" आणि खसखस पिकली. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," दुसरा म्हणाला. विश्वंभरचा चेहरा पेटला. त्याने डोळे मिटून घेतले. झाले, एवढेच होते, आता संपले, असे तो मनात म्हणत होता. तो पारावरून उतरायला लागला.

"शास्त्रीबुवा," मागून आवाज आला. रखमाजीचा. "वाईच थांबा."

लोक मागे वळून पाहू लागले.

"तुमी बोलला ते मला निम्मं कळलं. पर माझ्या मालकिनीला काईच कळलं न्हाई. तिला कमी ऐकू येतं. त्या दिवशी बी ती हितंच हुती, गाडीपाशी. तुमी काय बोलला ते तिला ऐकू आलं न्हवतं. समद्यांनी आमच्याकडं कसं बघितलं, तेवढं तिनं बघितलं. मी घरी जाऊन सांगितलं तिला, तवापासनं ती मला इचारती, खरंच काय घेतलं न्हाई न्हवं? तीस वरसं झाली आमच्या लग्नाला." त्याने बायकोकडे पाहिले. "म्हून म्हनतो, पुन्यांदा सांगा. लांबलांब सांगू नका, तोडून सांगा. आन् मोट्यानं."

विश्वंभर उभा होता तिथेच राहिला. त्याने तोपर्यंत जी शरम भोगली होती ती स्वतःची होती: मी कसा चुकलो, मला कोण हसेल, माझे नाव कसे जाईल. ओसरीवर पाटी मांडीखाली दडवली तेव्हाही तो स्वतःलाच लपवत होता. एका घरात, एका चुलीपुढे, तीस वर्षांच्या सोबतीत त्याने आठ शेरांनी काय मोडून ठेवले होते, हे त्याला आत्ता समजले. गोठ्यात पाणी पिऊन तो वाळूत किती हलका होऊन चालला होता ते आठवले आणि त्याला भूमी पोटात घेईल तर बरे असे वाटले.

भूमीने घेतले नाही. तो पुन्हा पारावर चढला. गर्दीवरून त्याने थेट त्या बाईकडे पाहिले. ती साधीशी बाई होती, डोक्यावर पदर, एक हात कानामागे धरलेला.

"रखमाजीनं काही चोरलं नाही!" तो ओरडला.

ती पाहत राहिली.

"मी चुकलो!" त्याचा आवाज चिरकला. "आकडा माझा चुकला! मी न बघता बोललो! रखमाजी खरं बोलला होता!"

आता कोणी हसत नव्हते. शेटजी खाली पाहत होते. बाईने कानामागचा हात काढला, नवऱ्याकडे एकदा पाहिले, आणि कमी ऐकू येणारी माणसे बोलतात तशी, गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली, "आता ऐकू आलं."

आपणही कधीतरी एखाद्याविषयी पारावर उभे राहून बोललेलो असतो. मागाहून क्षमा मागायला जाऊ, तेव्हा आपला तेव्हाचा आवाज किती मोठा होता, हे आठवून मग तोंड उघडावे.